लॅपटॉपची बॅग

जानेवारीतली गोष्ट. शाळा सुटल्यावर बसस्टॉपवर उभी होते, तेव्हा एक जुना विद्यार्थी भेटला. एमपीएससीची तयारी करतो, स्वारगेटजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो. सलाम-दुआ झाली, घरचं विचारून झालं, आणि निघता निघता तो म्हणाला, "मॅडम, तुमची भाचीपण आमच्याच अभ्यासिकेत येते. फार मेहनती आहे हो. दुपारी येते ती रात्री नऊपर्यंत जागची हलत नाही."

मी हसले. म्हटलं, तुझी काहीतरी गफलत होतेय, माझी भाची हिंजवडीला कंपनीत आहे, तिची तर दुपारची शिफ्ट असते. तो म्हणाला, "नाही मॅडम. मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला तुमच्याबरोबर आली होती ना, तीच. निळी लॅपटॉपची बॅग असते."

निळी बॅग मीच दिली होती, पहिल्या नोकरीची भेट म्हणून. बस आली आणि गेली, मी तिथेच उभी.

माझ्या आपाचं घर कोंढव्यात. दुल्हेभाई एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते, २०२३ साली निवृत्त झाले. ही त्यांची थोरली मुलगी. घराण्यातली पहिली इंजिनीअर. २०२१ च्या जुलैमध्ये लागली, तेव्हा करोनामुळे सगळं घरूनच होतं. ट्रेनिंग घरून, परीक्षा घरून, कामही घरूनच. खालच्या मजल्यावर कुणाचं लग्न असलं की ही पांघरूण डोक्यावर घेऊन अमेरिकेतल्या साहेबांशी बोलायची. पगार सांगितला तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आत. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतला नवशिक्यांचा पगार गेली दहा-बारा वर्षं साधारण याच आकड्याभोवती अडकून बसलाय. भाजी कितीला झाली आणि घरभाडं कुठे गेलं, याचा त्या आकड्याशी संबंध दिसत नाही. पण आमच्या घरात तो पगार सोन्यासारखा आला, कारण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एस.टी.चा संप सुरू झाला. दुल्हेभाई निलंबित झाले. जवळपास सहा महिने त्यांचा पगार बंद होता. त्या सहा महिन्यांत घर चाललं ते या मुलीच्या पंचवीस हजारांवर. धाकट्याच्या कॉलेजची फीदेखील तिनेच भरली.

त्यामुळे "माझी मुलगी कंपनीत आहे" हे वाक्य दुल्हेभाई जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर उभं राहून सांगायचे, वाण्याला सांगायचे, रिक्षावाल्याला सांगायचे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे काही कंपन्यांची नावं येतील, ती सगळी जगजाहीर झालेल्या गोष्टींसाठी. आमची कंपनी त्यांतली एकही नाही, तेव्हा उगाच अंदाज बांधू नका.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याकडे बोलावलं. चहा ठेवला. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "खाला, तुम्हाला कळलंय." आणि मग दोन तास बोलत राहिली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला एका छोट्या खोलीत बोलावलं होतं. समोर दोघं. एक एचआरच्या मॅडम आणि एक साहेब, ज्यांना तिने आधी कधीच पाहिलं नव्हतं. बोलणं अगदी गोड. बेटा-बेटा करून. सांगितलं असं की आज स्वतःहून राजीनामा दिलास तर दोन महिन्यांचा पगार मिळेल, अनुभवाचा चांगला दाखला मिळेल. नाही दिलास तर आम्हाला काढावं लागेल, आणि मग पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा तसंच लिहून जाईल. "घरी विचारून सांगू का?" असं तिने विचारलं. "हे आजचं आहे," असं उत्तर आलं. लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. राजीनाम्याचं पान उघडलेलंच होतं. कारण या रकान्यात 'वैयक्तिक' असं निवडायचं होतं. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. लॅपटॉप जमा, गळ्यातलं कार्ड जमा. एक सुरक्षारक्षक दारापर्यंत सोडायला आला. रोज तिला सलाम करणारा. त्याने त्या दिवशी मान खाली घातली होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजता जेवून, निळ्या बॅगेत कॉलेजचा जुना लॅपटॉप घालून निघाली. कॅब कंपनीने बंद केली म्हणून बसने जाते, असं सांगितलं. नऊ आठवडे. अभ्यासिकेची महिन्याची फी मिळालेल्या दोन पगारांतून, घरात द्यायचे पैसेही त्यातूनच. जानेवारीत ते पैसे संपत आले होते.

मी विचारलं, एवढं काय केलंस तू? चूक काय झाली? तेव्हा तिने मला बेंच म्हणजे काय ते समजावलं. शाळेतला बाक मला माहीत, हा बाक वेगळा. या कंपन्यांची कमाई अशी, की परदेशातल्या ग्राहकाला आपली माणसं तासांच्या हिशोबाने द्यायची. जो ग्राहकाच्या कामावर आहे त्याचं बिल लागतं. ग्राहकाने काम थांबवलं की माणूस रिकामा होतो, पगार चालू, बिल बंद. तो बेंचवर. मग त्याने कंपनीच्या आतच दुसरं काम शोधायचं, आतल्या आतच मुलाखती द्यायच्या. पूर्वी यात चार-सहा महिने गेले तरी कुणी फार बोलत नसे, त्या काळात मुलं नवीन काहीतरी शिकत. आता तसं राहिलेलं नाही. टीसीएससारख्या कंपनीने २०२५ च्या जूनपासून नियमच केला, की वर्षात किमान २२५ दिवस माणसाचं बिल लागलं पाहिजे आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात त्यांनी सुमारे बारा हजार लोक, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. एकाने दार अरुंद केलं की बाकीचेही करतात.

भाचीचं काम एका परदेशी बँकेचं होतं. ऑगस्टमध्ये त्या बँकेने ते बंद केलं. आणि आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जातंय.

सप्टेंबरमध्ये तिला हैदराबादचं काम मिळत होतं. मुलाखत झाली होती, पसंत केलं होतं, फक्त तिकडे जाऊन राहायचं होतं. घरात बैठक बसली. आपा घाबरलेली. रिश्त्याची बोलणी चालू होती. दुल्हेभाई काहीच बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. घरात शिकलेली म्हणून माझा शब्द चालतो. मी म्हटलं, एकटी मुलगी, परकं शहर, शिवाय एवढी मोठी कंपनी आहे, पुण्यात काय कामांचा तोटा? थांब थोडं. ती थांबली. पुढच्या महिन्यात चेन्नईचं आलं, तेही तसंच गेलं. कंपनीच्या कागदावर तिच्या नावापुढे दोन नकार लागले. वर्षअखेरीच्या शेऱ्यात 'अपेक्षेपेक्षा कमी' असं आलं. चार वर्षं जिला चांगला शेरा होता, तिला.

मोठी कंपनी म्हणजे मोठं झाड, सावली आहेच, असं मी धरून चालले होते. आपल्या बऱ्याच घरांत असंच धरतात. आयटी म्हटलं की अझीम प्रेमजींचं नाव निघतं, आणि ते निघावंही. १९४५ साली आपल्या खानदेशातल्या अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघते, वडील गेल्यावर १९६६ साली एकवीस वर्षांचा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून परत येतो आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो होते. ज्या अमळनेरकरांनी जुने शेअर जपून ठेवले, त्यांची घरं उभी राहिली. पण शेअर धरून बसणं वेगळं आणि तिथे पगारावर असणं वेगळं. पगारदाराचा हिशोब दर वर्षी नव्याने मांडला जातो.

या शेऱ्याचंही एक गणित असतं. त्याला बेल कर्व्ह म्हणतात, म्हणजे घंटेच्या आकाराची रेघ. साहेबाच्या हाताखाली दहा माणसं असतील तर त्यांतल्या अमुक जणांना उत्तम, बऱ्याच जणांना मध्यम आणि एक-दोघांना तरी कमी शेरा द्यायचाच. दहाही जणांनी जीव तोडून काम केलं तरी. मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वर्गातली सगळी मुलं पास होण्यासारखी असताना, चार नापास केल्याशिवाय निकाल घेणार नाही असं कोणी म्हटलं तर?

मायक्रोसॉफ्टमध्ये हे अनेक वर्षं चाललं. २०१२ साली कर्ट आयकेनवाल्ड या पत्रकाराने तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून 'व्हॅनिटी फेअर' मासिकात मोठा लेख लिहिला. ज्यांच्याशी तो बोलला त्या प्रत्येकाने कंपनीचं सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणून याच पद्धतीकडे बोट दाखवलं होतं. हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांबरोबर एका गटात काम करायला बघत नसत. कारण साधं आहे, दहा हुशारांतही एकाला खालचा शेरा मिळणारच होता, मग आपण कमी हुशारांत का बसू नये? शेजारच्याला मदत केली की आपलाच नंबर खाली. शेवटी नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बंद केली. आपल्याकडेही काही कंपन्यांनी नंतर ती सोडल्याचं जाहीर केलं, पण भाची म्हणते, नाव गेलं, रेघ राहिली.

आणि त्या गोड खोलीबद्दल. ती काही एकट्या आमच्या मुलीच्या नशिबी आली असं नाही. २०१७ च्या जुलैमध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याचं एचआरशी झालेलं बोलणं मोबाईलवरून देशभर फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू, असं त्यात सांगितलं जात होतं. त्यावर खुद्द आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच. पण मला त्यात कळलं ते असं, की तो मुलगा बोलणं नोंदवून ठेवू शकला म्हणून जगाला कळलं. बाकीच्यांचं खोलीतच राहिलं.

राजीनामाच का मागतात, हे मला आधी समजत नव्हतं. कपात केली तर कायद्याने नोटीस, भरपाई असे प्रश्न निघतात. इंजिनीअर कायद्यातल्या 'कामगार' या शब्दात बसतो की नाही यावर कोर्टात वाद होतात, ते खरं, पण वाद तरी होतो. एकदा 'वैयक्तिक कारणास्तव' असं तुम्हीच लिहून दिलंत की वाद घालायला फारशी जागा उरत नाही. भाचीने सही न करता, "मला हे लेखी द्या, मी दोन दिवसांत उत्तर देते," एवढं म्हटलं असतं तर? ती म्हणाली, "खाला, त्या खोलीत बसल्यावर तुमचं मराठीसुद्धा आठवत नाही." पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, नाईट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, हे तिला माहीतच नव्हतं. मी आता तक्रार करू म्हटलं तर ती नको म्हणते. अनुभवाचा दाखला अजून हाती यायचा आहे. यात मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही.

तिची झोप मात्र भलत्याच गोष्टीने उडाली होती. आपाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीत ठरली होती, आणि ते व्हायचं होतं कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की तो विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो, आईवडिलांचाही. आपा रोज कपाटातलं ते कार्ड काढून पुसून ठेवायची आणि ही समोर बसून बघायची. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मूल अशा नोकरीत आहे, त्यांनी एक चौकशी आजच करावी. गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची सोय असते, पण अर्ज वेळेत करावा लागतो. आमची वेळ अभ्यासिकेत गेली. पगाराच्या पावत्या, पगारवाढीची पत्रं, दर वर्षीचे शेरे यांच्या प्रतीही नोकरी चालू असतानाच स्वतःजवळ असू द्याव्यात. लॅपटॉप जमा झाला की त्यातलं काहीच आपलं राहत नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तिची सव्वाचारच भरली होती.

सगळंच वाईट होतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि भाचीलाही ते आवडणार नाही. तिला तिथे साताऱ्याची एक मैत्रीण मिळाली, जी रमजानमध्ये इफ्तारच्या पाच मिनिटं आधी खजुराचा डबा तिच्या टेबलावर आणून ठेवायची आणि स्वतःही तोवर चहा घ्यायची नाही. एक तामिळ साहेब होते, त्यांनी संध्याकाळची मीटिंग न सांगता अर्धा तास पुढे सरकवली होती. मगरिबला रिकामी मीटिंग रूम मिळायची, कुणी कधी हटकलं नाही. रात्री अकराला कॅब निघायची, बाईला शेवटी सोडायचं असेल तर बरोबर सुरक्षारक्षक असायचा. कोंढवा ते हिंजवडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक, गर्दीत जायलाच दोन तास. पण या मुलीने त्या कॅबमध्ये बसून कानडी शिकून घेतलं. इंग्रजीत बोलताना जी मुलगी आमच्याकडे बघायची, ती आता समोरच्याकडे बघून बोलते. हे सगळं त्याच कंपनीने दिलं. त्याच कंपनीने चाळीस मिनिटांत बाहेरही काढलं. दोन्ही खरं आहे.

घरी सांगायचं काम माझ्यावर आलं. रविवारी गेले. आपा रडली, ते होणारच होतं. दुल्हेभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चार्जशीट दिली होती?"

भाची म्हणाली, "नाही अब्बा."

"चौकशी लावली होती?"

"नाही."

"अपील कुणाकडे करायचं?"

तिने मान हलवली. एस.टी.त पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कळेना. तिथे डिझेल कमी भरलं तरी कागद निघतो, त्यावर उत्तर द्यायला मुदत मिळते. मला वाटलं आता रागावतील, सही का केलीस म्हणून. ते उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "बेटा, आम्हाला घरी बसवलं तेव्हा आम्ही नव्वद हजार होतो. डेपोच्या दारात बसायचो, एकमेकांचा डबा खायचो. कोर्टाने परत घ्यायला लावलं. तू खोलीत एकटी होतीस."

मग म्हणाले, "आणि तेव्हा घर कुणी चालवलं होतं, ते मी विसरलोय असं वाटलं का तुला?"

त्यानंतर नऊ आठवड्यांत पहिल्यांदा ती रडली.

रिश्त्याच्या मंडळींना दुल्हेभाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, लपवाछपवी नको म्हणून. तिकडून "विचार करून कळवतो" असं उत्तर आलं, ते अजून आलेलं नाही. आपाचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात करायचं ठरलंय, नंबर लागलाय. मशिदीच्या पायरीवर आता कुणी विचारलं तर दुल्हेभाई म्हणतात, "कंपनी सोडली, दुसरी बघतेय." सोडली की सोडायला लावली, एवढं ते पायरीवर सांगत बसत नाहीत.

मध्ये एक काम आलं होतं, नाव एका बड्या कंपनीचं, पगार मात्र तिसऱ्याच कुणाकडून, अकरा महिन्यांचा करार. दुल्हेभाईंनी लगेच ओळखलं, "म्हणजे कंत्राटी." हे दुखणंही परदेशातूनच आलेलं आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये नव्वदच्या दशकात हजारो माणसं वर्षानुवर्षं कायम माणसांच्या शेजारी बसून तेच काम करायची, पण त्यांच्या गळ्यातल्या कार्डाचा रंग वेगळा आणि ईमेलच्या पत्त्याआधी एक वेगळं अक्षर, म्हणजे समोरच्याला आधीच कळावं. शेअर, सवलती काही नाही. त्यांनी १९९२ साली खटला भरला आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटवला. भाचीने ते काम नाकारलं नाही, हातचं म्हणून ठेवलंय.

पुढच्या बुधवारी तिची एक मुलाखत आहे. कायम नोकरी, पगारही थोडा बरा, पण हैदराबादला. या वेळी बैठक बसली नाही आणि मला कुणी काही विचारलंही नाही. काल संध्याकाळी गेले तेव्हा दुल्हेभाई चष्मा लावून हैदराबादच्या गाड्यांचं वेळापत्रक बघत होते, आणि आपा त्यांना विचारत होती, परतीची गाडी कुठली?